वहीत न लिहिलेलं कर्ज

हा लेख आम्ही दोघं, नवरा-बायको, मिळून लिहीत आहोत. मुलांचे अब्बा सांगत गेले, अम्मी लिहीत गेली आणि जिथे आठवण जुळली नाही तिथे थोडे भांडलोही. लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. घरातली झाकली मूठ चारचौघांत उघडायला कोणालाच आवडत नाही. पण दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी दुकानात येऊन हळूच विचारतं, "बँकेचं कर्ज घ्यावं का हो?" त्या सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावं, म्हणून हे लिहितो आहोत.

मिरजेत आमचं फळांचं लहान दुकान आहे. पहाटे सांगलीच्या मार्केटात सौद्याला उभं राहायचं, माल आणायचा, दिवसभर विकायचा. या धंद्यात हिशेब चुकला की माणूस बसला. म्हणून उधारीची वही आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे. कोणत्या गाडीवाल्याकडे सफरचंदाच्या पेटीचे किती राहिले, अडत्याला किती द्यायचे, सगळं तारखेसह लिहिलेलं असतं. पेटीमागे पाच रुपयांचा फरक पडला तरी अब्बांच्या ध्यानात येतो. अशा आमच्या घरावर आठ वर्षं एक कर्ज होतं आणि त्याची एक ओळही त्या वहीत नव्हती.

२०१६ साली थोरल्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या खानदानातला पहिला इंजिनिअर होणार म्हणून आम्ही पेढे वाटले. फी, पुस्तकं, राहणं मिळून वर्षाला लाख रुपये लागणार होते. आम्ही बँकेत गेलो. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला काही तारण ठेवावं लागत नाही, हे ऐकून जिवात जीव आला. कर्ज मुलाच्या नावावर आणि सहकर्जदार म्हणून अब्बा. साहेबांनी बोट ठेवलं तिथे तिथे सह्या केल्या. सौद्यात पेटी उघडून खालचा थर पाहिल्याशिवाय बोली न लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकही पान उलटून वाचलं नाही. "शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही," एवढं एक वाक्य ऐकलं आणि त्याचा अर्थ आम्ही लावला, तोपर्यंत व्याज नाही.

घरी येताना रिक्षात अब्बा थोरल्याला म्हणाले, "बेटा, व्याजाचं कर्ज आहे. मस्जिदीत, मोहल्ल्यात कोणाला सांगू नकोस." अम्मीनेही मान डोलावली. आमच्या मनात सल होता. व्याजापासून दूर राहा, हे लहानपणापासून ऐकलेलं. मुलाच्या भवितव्यापुढे दुसरा मार्ग दिसला नाही, म्हणून सही केली. मग त्या सलावर उपाय एकच केला: त्या विषयावर बोलायचंच नाही. कागद पत्र्याच्या ट्रंकेत गेले. मुलाने त्या दिवशी आमच्याकडून काय शिकलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मुलगा पास झाला ते वर्ष २०२०, लॉकडाऊनचं. नोकरी लागायला वेळ लागला. पुढे पुण्यात एका कंपनीत वीस हजारांवर लागला. २०२१ च्या जुलैपासून हप्ता सुरू झाला तो ९,२२३ रुपयांचा. "एवढा?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, "होतं असंच, अब्बा. मी बघतो." आम्हीही सुटलो. तो दरमहा चार हजार घरी पाठवत होता आणि आम्ही नातेवाइकांत अभिमानाने सांगत होतो की पोरगा स्वतःचं कर्ज स्वतः फेडतो आणि वर घरही चालवतो.

२०२४ चा जून. धाकटीला बी.फार्म.ला जायचं होतं आणि सीईटीचे गुण चांगले होते. आम्ही पुन्हा त्याच बँकेत गेलो. या वेळी समोर एक तरुण ताई होत्या. त्यांनी अब्बांचं पॅनकार्ड घेतलं, संगणकावर काही पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, आधीच्या कर्जाचे एप्रिल, मे, जून असे तीन हप्ते थकलेत. आणखी थोडे दिवस गेले तर खातं एनपीए होईल. तुम्ही सहकर्जदार आहात, त्यामुळे तुमचाही सिबिल स्कोअर पडलाय. असं असताना दुसरं कर्ज मंजूर होणं कठीण आहे."

धाकटी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती काहीच बोलली नाही. बाहेर आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "भाईजानला रागावू नका. आधी विचारा."

त्या रविवारी थोरला पुण्याहून आला. जेवणानंतर चटईवर बसलो. त्याने मोबाईल काढला आणि एकेक दाखवत गेला. हप्त्यांवर घेतलेला फोन. क्रेडिट कार्डावर एकतीस हजारांची बाकी. दोन मित्रांच्या लग्नांना दिलेला आहेर. आणि मार्चच्या शेवटी, रमजानात, एकाच दिवशी अकरा हजारांची खरेदी. ती कसली, हे विचारायची गरज पडली नाही. अब्बांचा पठाणी, अम्मीचा सूट, धाकटीचा शरारा, दादीजानची शाल. त्या ईदला आम्ही कपडे घालून नातेवाइकांकडे मिरवलो होतो. ते कपडे कार्डाच्या उधारीवर होते आणि त्याच महिन्यात कर्जाचा पहिला हप्ता चुकला होता.

"सांगितलं का नाहीस?" अम्मीने विचारलं.

तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, कोणाला सांगू नकोस."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री इशाच्या नमाजनंतर अब्बा बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, दिव्य कुरआनातली सर्वांत लांब आयत कशावर आहे, माहीत आहे ना? सूरह बकरामधली २८२वी. नमाज, रोजा, हज यांच्याबद्दल ती नाही. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. आणि त्यात हेही आहे की मजकूर त्याने सांगायचा ज्याच्यावर देणं आहे. व्याजाच्या लाजेपोटी आम्ही कर्ज झाकून ठेवलं आणि झाकल्यामुळे त्याच व्याजाला वाढायला मोकळं रान मिळालं.

अब्बांनी उधारीची वही आणली. नवं पान उघडलं. थोरला सांगत गेला, धाकटी लिहीत गेली. ट्रंकेतले कागद आठ वर्षांनी बाहेर आले. त्या रात्री आम्हाला जे समजलं, ते वाचकांपुढे आकड्यांसह ठेवतो, कारण कळायचं ते आकड्यांतूनच कळतं.

पहिली गोष्ट. हप्ता नसला तरी व्याज असतं. आमचा दर साडेदहा टक्के होता. दरवर्षी एक लाख उचलले. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५२,५००, दुसऱ्यावर चार वर्षांचं ४२,०००, तिसऱ्यावर ३१,५००, चौथ्यावर २१,०००. एकूण १,४७,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी आमचं कर्ज ४ लाख नव्हतं, ५ लाख ४७ हजार होतं. त्यावर सात वर्षांचा हप्ता ९,२२३. शिकण्याच्या काळात फक्त व्याज भरत गेलो असतो, तर पहिल्या वर्षी ते महिन्याला ८७५ रुपये होतं. एवढे तर आमचे दुकानात नासलेल्या केळ्यांवर जातात. तसं केलं असतं तर पुढचा हप्ता ६,७५० च्या आत बसला असता. शिवाय शिकताना व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्का सूटही देतात.

दुसरी गोष्ट सगळ्यांत जास्त टोचली. केंद्र सरकारची एक व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि शिक्षण तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिकण्याच्या काळातलं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला वेळेवर बँकेत द्यावा लागतो. आमचं उत्पन्न त्यात सहज बसत होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एका दाखल्याअभावी ते १,४७,००० आमच्या मुलाच्या डोक्यावर बसले. व्याजाचा सल मनात बाळगणाऱ्या आम्ही, टळू शकणारं व्याजसुद्धा टाळलं नाही.

तिसरी गोष्ट. हप्ता लहान झाला म्हणजे कर्ज स्वस्त झालं, असं नाही. थोरला मुदत दहा वर्षं करून घ्यायच्या विचारात होता. धाकटीने हिशेब मांडला. सात वर्षांत एकूण भरणा सुमारे ७ लाख ७५ हजार. दहा वर्षं केली असती तर हप्ता ७,३८१ वर आला असता, पण भरणा ८ लाख ८५ हजारांच्या वर गेला असता. महिन्याला अठराशे वाचवायला लाखाच्या वर मोजायचे. त्या रात्री आमची स्थिती अशी होती: घेतले चार लाख, तेहेतीस हप्त्यांत भरले तीन लाखांच्या वर आणि बाकी अजून पावणेचार लाखांहून जास्त. धाकटीने हे दोनदा तपासलं, कारण अब्बांचा विश्वास बसेना.

चौथी गोष्ट क्रेडिट कार्डाची. बिलावर 'किमान देय रक्कम' असते. थोरला दरमहा तेवढीच, पंधराशे भरायचा आणि बिल भरलं असं समजायचा. त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस. तीस हजारांवर महिन्याचं व्याज १,०५०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १८९. पंधराशेतले १,२३९ इथेच गेले. मूळ बाकी कमी झाली २६१ रुपयांनी. शिक्षणाच्या कर्जाने निदान पदवी दिली. कार्डाने काय दिलं, तर एका ईदचे कपडे.

दुसऱ्या दिवशी अम्मी उठली आणि भिशीच्या बायकांकडे गेली. बारा जणी, दरमहा तीन हजार. तिचा नंबर चार महिन्यांनी होता. ज्या आपांचा नंबर होता त्यांना तिने खरं काय ते सांगितलं. त्यांनी आपला नंबर दिला आणि वर म्हणाल्या, "आमच्याकडेही असंच चाललंय, पण बोलणार कोणाला?" भिशीच्या छत्तीस हजारांतून कार्डाची बाकी एकरकमी भरली आणि कार्ड बंद केलं. आधी सगळ्यांत महाग कर्ज मिटवायचं, हे धंद्यात आम्हाला माहीतच होतं. दुकानाच्या भांडवलातून तीन थकलेले हप्ते दंडासह भरले. दोन महिने माल कमी आणला. खातं वाचलं.

आता थोरला हप्त्यावर दोन हजार जास्त भरतो. बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जावर मुदतीपूर्वी जास्त भरलं तरी बँक दंड लावू शकत नाही. या दोन हजारांनी कर्ज दहा महिने आधी फिटेल आणि अठरा हजारांच्या आसपास व्याज वाचेल. घरी पाठवायचे ते चार हजार आम्ही बंद करायला सांगितले. त्याला वाईट वाटलं. त्याला म्हटलं, "बेटा, तू आम्हाला पाठवतोस ते बँकेकडून आणून पाठवतोस. आधी मोकळा हो."

आता धाकटीचं. ती अकरावीत असताना तिच्या सरांनी विचारलं होतं, "तुम्ही बागवान ना? मग जातीचा दाखला का काढला नाही?" दादाजान असते तर म्हणाले असते, आपल्यात जात कुठली. ते खरंच आहे, दीनमध्ये कोणी उच्च-नीच नाही. पण बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तो हक्क मागासपणामुळे मिळालेला आहे, तो सोडून द्यायचं कारण नाही. अडचण पुराव्याची होती. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आपल्या लोकांच्या जुन्या कागदांवर बहुधा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. दादाजानच्या शाळेच्या रजिस्टरात 'बागवान' सापडलं. दाखला निघाला. ज्यांची बिरादरी कोणत्याच आरक्षणात नाही, त्यांना उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. तो मुस्लिमांनाही लागू आहे.

आणि जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाचा निर्णय आला. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून घेतलेला हवा, एवढी काळजी घ्यायची. धाकटीला फेरीतून जवळचंच कॉलेज मिळालं. राहिला बाकीचा खर्च, चाळीस हजारांचा. तो तिच्या मामूंनी कर्ज-ए-हसना म्हणून दिला. मामू म्हणाले, "घरातल्या घरात कागद कशाला?" धाकटीनेच हट्ट धरला. रक्कम, तारीख, मुदत लिहिली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मामू हसले, पण कागद त्यांनी घडी करून जपून ठेवला.

म्हणून दुकानात कोणी विचारलं, तर आता आम्ही असं सांगतो. कर्जाचा विचार सगळ्यांत शेवटी करा. आधी दाखले: उत्पन्नाचा, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा, आणि तेही दहावी झाल्याबरोबर. मग महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या बघा, अल्पसंख्याकांसाठीची वेगळी आहे. मग घरातून, बिरादरीतून कर्ज-ए-हसना मिळतं का पाहा. मग मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ, जिथे शैक्षणिक कर्जाचा दर तीन टक्के आहे. अर्ज लवकर करा. एवढं करूनही भागलं नाही, तर बँकेच्या कर्जाबाबत आपल्या जाणत्या आलिमांना विचारा. देशात बिनव्याजी बँक नाही, आणि अशा निकडीबद्दल आलिमांची मतंही वेगवेगळी आहेत. फतवा देणं आमचं काम नाही. पण घ्यायचंच ठरलं, तर व्याज अनुदान आधी विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमध्ये शिकणाऱ्यांना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत आहे. कर्ज देताना बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं पत्रक द्यायचं असतं. त्यात खरा वार्षिक खर्च एका आकड्यात असतो. ते घरी आणा, वाचा, मग सही करा.

आणि तरुण मुलामुलींना एवढंच सांगतो. पहिला पगार आला की वहीत चार रकाने आखा: काय आलं, कोणाचं देणं, किती खर्च, किती शिल्लक. देणं आधी काढा, मग खर्च. तीन महिन्यांचा खर्च हाताशी साठेपर्यंत फोन बदलू नका. वर्षातून एकदा आपला क्रेडिट अहवाल फुकट मिळतो, तो काढून बघा. आणि चुकलात तर त्याच महिन्यात घरी सांगा.

पालकांना सांगायचं ते आमच्यावरूनच. मुलाने सांगावं असं वाटत असेल, तर ऐकून घेणारं घर हवं. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासमोर एकदा एक जनाजा आणला गेला. त्या व्यक्तीवर थोड्याशा दीनारांचं कर्ज होतं. ते फेडण्याची जबाबदारी अबू कतादा (रजि.) यांनी उचलली, तेव्हा आपण (सल्ल.) नमाज पढवली. कर्ज किती गंभीर, हे सांगताना ही हदीस आपण नेहमी ऐकतो. त्यात सर्वांदेखत उभे राहून 'ते माझ्याकडे' म्हणणारे एक सहाबीही आहेत, हे आम्ही विसरलो होतो. ते कर्ज सर्वांसमोर बोललं गेलं, म्हणूनच कोणीतरी ते उचलू शकलं.

आमची वही आता चटईवर उघडी असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरला फोनवरून आकडा सांगतो आणि धाकटी लिहिते. सगळं ठरल्याप्रमाणे गेलं, तर २०२७ संपायच्या आत ते पान पूर्ण होईल, इन्शाअल्लाह. तेव्हा धाकटी शेवटच्या वर्षाला असेल. मामूंचे चाळीस हजार कसे फेडायचे, ते तिने पुढच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलं आहे. वाचकांनी आमच्या मुलांसाठी दुआ करावी. आम्हीही कर्जाखाली असलेल्या प्रत्येक घरासाठी दुआ करतो.